डब्याची कडी

नाशिक, मंगळवार, १२ ऑगस्ट १९८०

अल्सरच्या ऑपरेशनात अर्धं पोट गेल्यापासून ऑफिसात दर दोन तासांनी चार घास खातो. बायको मात्र डबा भरूनच देते. काल साहेबांकडून परत आलो तर डब्याची कडी उघडी, भात अर्धा. आज कडी उघडी आणि भात साफ. बिनतिखटाचा गुरगुट्या भात चोरून कोण खाईल? शेजारच्या टेबलावरचा वाघच असणार, स्वतःचा डबा कधी आणत नाही. विचारलं तर म्हणाला, "मी नाय हो, भाऊसाहेब." मिशीला शीत होतं. की मलाच तसं वाटलं?

उद्यापासून कडीला दोरा बांधायचा, असं ठरवूनच घरी आलो. सुमनने रिकामा डबा पाहिला आणि ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा हसली. "अंगी लागतंय हो आता तुमच्या." मी नुसती मान हलवली.

दोरा राहू दे. उद्या वाघ रजेवर नसला म्हणजे झालं.