खळ्यातले जोडे

अर्जुनी, ता. २ डिसेंबर १९५६

चि. सुखराम यास थोरल्या बहिणीचा, बाईचा आशीर्वाद.

ती सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. अंगण झाडून झालं होतं, गोठ्यातलं शेण काढलं होतं, चुलीवर पेज उकळत होती. तुझ्या भाटव्यांचे, माझ्या मालकांचे, पाय धुवायला पाणी नेलं, तर टाचेत धानाचं धसकट रुतलेलं. त्यांना पत्ताच नव्हता. साखरेच्या बिमारीनं पाय बधिर झाले होते, आणि आदल्या दिवशी ते खळ्यात अनवाणी शिरले होते. धान म्हणजे लक्ष्मी, तिथे जोडे कोण घालतो? थोरल्या भावाला सांगू नको म्हणाले, तो कामचुकार म्हणेल. तसेच खळ्यात राबत राहिले, पाय सडला नि दोन महिन्यांत गेले. तीन वर्षं झाली, पेज अजून दोघांपुरती टाकली जाते.

आता तीच बिमारी मला, नि तुलाही. अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. दवाखान्याच्या पुस्तिकेतही मी अक्षर अक्षर लावून तेच वाचलं. म्हणून जाड कापडाचे नवे जोडे शिवून घेतले, फक्त खळ्यापुरते. त्यावर ह्यांच्या त्याच थोरल्या भावाचा, भासरे बकाराम यांचा निरोप आला की जोडे घालून येशील तर मळणी मी करीन, तू घरी बस. यंदा घरी बसले तर पुढच्या वर्षी शेतही त्यांचंच.

भावजय वच्छलेस आशीर्वाद. तू खाटेवरून उठलास का, ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बाई

फुलचूर, ता. ६ डिसेंबर

गं. भा. धुरपताबाईस सुखरामचा नमस्कार.

पत्र वच्छलानं वाचून दाखवलं. डोळ्यांना ताण नको म्हणून मी वाचत नाही. भात सोडला, बाजार सोडला, भजनसुद्धा सोडलं, तरी छाती धडधडते. तू भासऱ्यांशी वाकडं घेऊ नकोस, रागानं साखर वाढते. खळं त्यांना करू दे. इकडे ये, दोघं मिळून पथ्य सांभाळू. वच्छला म्हणते, बाई आल्या तर आधी तुमची खाट उचलून बाहेर टाकतील. ती तुझ्याच बाजूची.

या भित्र्या भावावर लोभ ठेव.

सुखराम

अर्जुनी, ता. १० डिसेंबर

चि. सुखराम यास आशीर्वाद.

गं. भा. लिहीत जाऊ नकोस, नुसतं बाई लिही. मी विधवा आहे हे पोस्टमनला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी आपली साखर सारखीच सांगितली. तू तिला घेऊन निजतोस, मी तिला शेतावर नेते. भीती मलाही वाटते. रोज सकाळी आरशात तळपाय बघायला नको वाटतं. पण बघते. तुझे भाटवे भिडेपायी गेले. तुझ्या अंगात ती भीड नाही, नुसतं भय आहे; ते वच्छलेच्या हाताला धरून बाजारापर्यंत चालवून आण.

आज भासरे अंगणात आले. आजवर मी त्यांच्याशी पदराआडून, दुसऱ्याच्या तोंडून बोलले. आज समोर उभी राहिले नि म्हटलं, “तुमच्या भावाच्या पायातला पू याच खळ्यात गळला, तेव्हा लक्ष्मी नाही बाटली. माह्या कोऱ्या जोड्यानं काऊन बाटते?” ते आले तसे निघून गेले. मळणी उद्याच आहे.

तुम्हा दोघांची आठवण काढणारी,
बाई

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी जोडे घालून खळ्यात गेले आणि दिवस बुडेपर्यंत धान उफणलं.