ताटांच्या मशीनमध्ये चपला

न्यू जर्सी, १२ ऑक्टोबर २००४

चांगुणास आक्काचा जय भीम.

मी ठणठणीत आहे. गुडघा दुखतो, पण तो नाशकातही दुखायचाच. तुझ्या हातांच्या भेगा भरल्या का?

माझ्या अश्विनच्या घरी भांडी मशीन धुतं. रविवारी सूनबाईनं त्यात नातीची खेळणी लावली, कंगवे लावले, वर तिच्या रबरी चपलाही! मी लय ओरडले. ती हसली, "आई, कढत पाण्यानं सगळं स्वच्छ होतं." संध्याकाळी त्याच मशीनमध्ये आमची ताटं धुतली. कुणाला काही झालं नाही.

तेव्हा मला माझा कप आठवला. कॉलेज रोडच्या बाईंची भांडी मी वीस वर्षं घासली, पण माझा चहाचा कप कायम न्हाणीच्या खिडकीत. आता ते काम तू करतेस, म्हणजे तिथं तुझा कप असणार.

हे पत्र मिळालं की दुसऱ्याच दिवशी तो कप त्यांच्या कपांबरोबर एकाच पाण्यात धू आणि त्यांच्याच फळीवर मांड. बाई बोलल्या तर त्यांना या चपलांचं सांग. तू घाबरशील, मला माहीत आहे. मीही वीस वर्षं घाबरले.

काम सुटलं तर सुटू दे. कप खिडकीत परत ठेवायचा नाय.

तुझी,
गयाआक्का