माधवचा राग

शेळगाव, २३ मार्च १९३६
पुन्हा तेच! तिसऱ्या अंकात माधवनं थोरल्या भावावर ओरडायचं, तर आमचा कुंडलिक ओरडण्याआधी वाकून त्याच्या पाया पडला! म्हणे, "त्याबगर त्वांडच उघडत न्हाय, गुरुजी."
चूक माझीच. नाटकातल्या भावांसाठी गावातले सख्खे भाऊच घेतले. पण करणार काय? कुंडलिकचे थोरले भाऊ हिंदुराव अडून बसले, "थोरल्याचं काम मीच करणार," आणि स्टेजच्या फळ्या त्यांच्याच!

२६ मार्च
दीड तास माधव समजावून सांगितला. माधव वाईट नाही. भाऊही वाईट नाही — तीच तर गोची! भावानं शिकवलं, लग्न लावून दिलं, वहाणासुद्धा आणून दिल्या. विचारलं मात्र कधीच नाही. अशा माणसावर चिडायची सोय नसते. मग राग निघतो बैलावर, बायकोवर, ताटातल्या भाकरीवर.
एवढं ऐकून कुंडलिक म्हणतो, "त्यो भावावर न्हाय, सोतावर चिडलाय. उद्या कुणी जा म्हणलं तरी ह्येचं पाय उचलणार न्हाईत."
नाटक मी लिहिलंय की यानं?

२७ मार्च
परत पाया पडला. डोकं उठलं माझं.

२ एप्रिल
जत्रा चार दिवसांवर, आणि कुंडलिक तालमीला उशिरा! इंदापूरला गेला होता. बारामतीची सर्व्हिस मोटार चालवतात ते मालक त्याला क्लीनर म्हणून ठेवायला तयार आहेत, पुढे मोटार शिकवतील. हिंदुरावांनी सगळ्यांदेखत हसून विषय मिटवला. "मोटार शिकून काय करतूस? घरी काय कमी हाय तुला?" खांद्यावर हात, आवाज अगदी मायेचा.
मी वैतागून म्हणालो, घरचं घरी बघा, आधी तिसरा अंक!

७ एप्रिल
काल जत्रेत नाटक झालं. पाया पडला नाही! ताठ उभा राहिला आणि सुटलाच — पण माझं एक वाक्य बोलेल तर शपथ! "माज्या ताटात भाकरी किती, त्ये बी तुमीच ठरवता. मरताना कंच्या कुशीवर व्हायचं, त्ये बी इचारू का?" हिंदुराव पुढचं सगळं विसरले. लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला.
वर्षभर घासून लिहिलेली वाक्यं माझी, गेली खड्ड्यात! संताप संताप झाला. तरीही कबूल करतो, माधव कळला बेट्याला.

८ एप्रिल
कुंडलिक सकाळच्या मोटारीनं इंदापूरला गेला. कायमचा.
हिंदुराव शाळेत आले. दारातच उभे. आत या म्हटलं तरी येईनात. "गुरुजी, त्यो त्या दिशी बोलला, त्ये तालमीत कदी ऐकलं नव्हतं. तुमी नवं लिवून दिलं व्हतं का?"
"होय," मी म्हणालो. "ऐनवेळी घातलं. सगळं माझंच."