क्वार्टरबॅक देणार नाही

मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९

आज पुन्हा हरले. बेचाळीस-तीन. कारखान्यातून सुटल्यावर सोबत काम करणाऱ्या मंदाताईंना घेऊन थेट सावेडीच्या सायबर कॅफेत गेले, तर हा निकाल. इंटरनेटवरच्या या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये संघ घेऊन तीनच आठवडे झालेत. आपण डाव लिहून पाठवायचे, सामना कॉम्प्युटर खेळतो. खरा सामना मी कधी पाहिलेलाही नाही. म्हणून काय झालं?

लीगमधल्या एका जुन्या अमेरिकन मेंबराची ईमेल होती. "तुला खेळ समजत नाही. तुझा क्वार्टरबॅक मला दे, बदल्यात तीन खेळाडू घे." चेंडू फेकणारा तो एकच तर धड आहे माझ्याकडे! तरी मी 'हो' लिहायलाच घेतलं होतं. का? तिकडचा माणूस म्हणून?

मंदाताई म्हणाल्या, "अगं, तुझा संघ एवढा वाईट, तर तुझा माणूस त्याला कशाला हवाय?"

तेव्हा कुठे त्या तिघांची माहिती उघडली. दोघे जायबंदी, तिसरा निवृत्तीला टेकलेला. तीन घे म्हणे!

लिहिलं, "देणार नाही. पुढच्या आठवड्यात आपलाच सामना आहे. तेव्हा येईल तो तुमच्याकडे, चेंडू घेऊन."

स्पेलिंगसुद्धा न तपासता पाठवून दिलं.