विहीणबाईंच्या डोळ्यातले थेंब

विक्रांत,

मी भिगवणवरून नऊच्या एसटीनं बारामतीला दाढ काढायला चाललेय. या महिन्यात पोरांच्या लशी झाल्या, तुझी शुगर तपासून झाली, तुझ्या सासूचं मोतीबिंदूचं आपरेशनबी झालं. माझी दाढ तेवढी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून राहिली.

काल त्यांच्या डोळ्यात थेंब घालताना तू "दुखतंय का, आई?" असं इचारलंस. मी सैपाकघरातून ऐकलं. त्यांनाबी आईच म्हणतोस, हे मला ठाऊक नव्हतं.

दुपारचे थेंब दोन वाजता घाल, बाटली फ्रीजच्या दारात हाय. त्यांच्यासाठी मऊ खिचडी करून ठेवलीय.

दाढ काढल्यावर मला बोलता यायचं न्हाय, फोन करू नको. चार वाजता भिगवणच्या स्टँडवर घ्यायला ये. एकटाच ये.

आई