टायरवरचा झिजलेला तीन

८ जानेवारी २००६, रविवार
हरसूलला दादाच्या आमराईवर जाऊन आलो. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच. शेडमध्ये त्याची ती गाडी तशीच उभी. मोटरसायकलसारखं हँडल, चार जाडे टायर, डोंगरही चढते म्हणे. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टकडून जुनी घेतलेली. चारही टायर बसके. बोटाने दाबले की दबतात. दादाचं सगळं असंच ढिलं. शर्टाचं वरचं बटण त्याने आयुष्यात कधी लावलं नाही.
वहिनींनी एकच मागितलंय. वर्षश्राद्धाचं पान माथ्यावरच्या केशर आंब्याखाली ठेवायचं, स्वतःच्या हाताने. दादाने लावलेलं ते पहिलं झाड. पण वहिनींचे गुडघे गेलेले, चढण होत नाही. दादा त्यांना याच गाडीवर मागे बसवून न्यायचा.
मी म्हणालो, मी नेईन. एवढंच म्हणालो. बाकीचं इथे लिहितो.
संकल्प: १२ फेब्रुवारीच्या आत गाडी ठाकठीक.

१५ जानेवारी
माझ्या मारुतीचा पायपंप घेऊन गेलो. टायरवर ‘मॅक्सिमम ५’ अशी अक्षरं उठवलीत. पाच! पाचात तर सायकलही चालायची नाही. उघड आहे, पाचाच्या आधी तीन होता, तो झिजला. चारही टायरवर एकाच जागी झिजला, यावरून कंपनीची लायकी कळते.
पस्तीस पौंड हवा भरली. दादाचा राखणदार बहिरू बघत उभा होता. म्हणाला, “भाऊ, दादा नाय भरायचा येवढी.” दादा बीपीच्या गोळ्यापण नाय घ्यायचा, असं ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

२२ जानेवारी
टायर आता कुठे टायर वाटतात. मधोमध गरगरीत, कलिंगडासारखे. जमिनीला फक्त मधली पट्टी टेकते. म्हणजे घर्षण कमी, पेट्रोलची बचत. दादाला हे सुचणं शक्य नव्हतं.
ट्रायल घेतली. गाडी किंचित उसळते. बहिरूची बायको लंकाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. खोकला असावा.
उसळण्याचं कारण बांध. सपाट करून घ्यायला सांगितलं. बहिरू म्हणाला, “भाऊ, पावसाळ्यात भात कशात लावू मग?” या माणसाला प्राधान्यक्रम कळत नाही.

२९ जानेवारी
मागच्या उजव्या टायरला बाजूने टेंगूळ आलंय. मोठ्या लिंबाएवढं. ऊन चढलं की जास्तच उठून दिसतं. बहिरू म्हणतो, “हवा काढा भाऊ, फुटंल.” प्रत्येक दुखण्यावर यांचं एकच औषध. मी उलट बाकीच्या तिघांत थोडी जास्त भरली. तोल साधायला नको?
घरी मीनाने विचारलं, “अहो, गाडीचं कुठवर आलं?” म्हटलं, होतंय. उसळून उसळून कंबर धरलीय, ते सांगितलं नाही. जेवून उठलो तर उशाशी मलम ठेवलेलं. बायकांना दुसऱ्याच्या कंबरेत फार रस.

५ फेब्रुवारी
वहिनींचा फोन. “भाऊजी, बसायला उशी आणू का? ह्यांच्या वेळी कधी लागली नाही, पण आता वर्षभर बसले नाही ना.” म्हटलं, काही गरज नाही. मग विचारलं, “तुम्ही माथ्यावर जाऊन आलात ना एकदा?” म्हटलं, जवळजवळ.
पहिल्या वळणापर्यंत गेलो होतो. पुढे दगड आहेत. ते काही मी टाकलेले नाहीत.

१२ फेब्रुवारी, दुपार
सकाळी पंचवटीत विधी उरकले. मग आमराईवर. वहिनी गाडीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “ही एवढी उंच कशी झाली?” म्हटलं, नीट केलीय.
मागे बसल्या. मांडीवर पान: भात, वडे, द्रोणात खीर. पहिल्या बांधाला खीर माझ्या पाठीवर. दुसऱ्या बांधाला पान हवेत आणि वहिनी खाली. पेंढ्याचा ढीग होता म्हणून लागलं नाही. तो पेंढा बहिरूने परवाच तिथे आणून टाकला म्हणे. का, ते मी विचारलं नाही.
तेवढ्यात कावळे आले आणि वडे उचलून गेले. मी म्हटलं, “बघा, शिवला कावळा. दादा तृप्त झाला.”
वहिनी पदरावरचा पेंढा झटकत होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, ते वर न्यायचं होतं.” आवाज चढवला नाही. मग मारुतीत जाऊन बसल्या.
नाशिक येईपर्यंत कोणी बोललं नाही. मला न बोलण्याची सवय आहे. आज तिचा उपयोग झाला नाही.
दोष टायरचा. सदोष माल. नाशिकला या कंपनीचे टायर विकणाऱ्याच्या तोंडावर मारणार.

१९ फेब्रुवारी
टायर काढून नाशिकला आणायचे म्हणून आधी हवा सोडायला बसलो. व्हॉल्व्हमध्ये काडी घातली. बराच वेळ फुसफुस. चौथा टायर होईतो लक्षात आलं की पाना बहिरूकडे आणि बहिरू बाजाराला. टायर दाबून पाहिले. बसके. दादाच्या वेळी होते तसे.
निदान शेडमध्ये लावू म्हणून गाडी सुरू केली. बांध आला आणि गेला. मला कळलंही नाही. शेड राहिली बाजूला, वळणही गेलं. दगडांवरून गाडी मांजरासारखी चालली. टेंगूळसुद्धा निमूट. थांबलोच नाही, थेट माथ्यावर.
चढताना मनात वाक्य तयार केलं: वहिनी, पुढच्या रविवारी चला, गाडी मी दुरुस्त केलीय. पान दोन आठवडे उशिरा आलं म्हणून दादा काही बोलणार नाही. तो कधीच काही बोलायचा नाही.
केशरला मोहोर आलाय. खाली बैलगाडीच्या चाकोऱ्या. बुंध्याशी पत्रावळ, कावळ्यांनी साफ केलेली, उडू नये म्हणून वर दगड. शेजारी एक निळी उशी. वहिनींच्या दिवाणावरची.
बैल बहिरूचे. मला कोणी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी गाडीच आणली असती, हे त्यांना माहीत असणार.
उशी झटकली आणि तिच्यावर बसलो. वरून शेड दिसते, वळण दिसतं. दादा इथे बसून काय बघायचा ते थोडं कळलं. उठायला उशीर झाला.
निघताना टायरवर बोट फिरवून पाहिलं. पाचाच्या आधी रबर गुळगुळीत आहे. तिथे कधी काही नव्हतं.
उशी मांडीवर घेऊन खाली आलो. सांडण्यासारखं काही नव्हतं, तरी धरून ठेवली. मीनाच्या हाती वहिनींकडे पाठवून देईन.
नको. मीच जातो.