पाटी माझ्याच हातची

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. गुडघे ठीक आहेत. वहिनी गेल्यापासूनच्या दोन वर्षांत तू माझ्या गुडघ्यांना जितकी पत्रं लिहिलीस, तितकी मला लिहिली नाहीस.

आमच्या निसर्ग केंद्रावर नव्या व्यवस्थापक बाई आल्यात. वय तिशीच्या आत, बगलेत कायम फाइल. त्यांनी फतवा काढलाय की आम्हा बाराही स्वयंसेवकांची लेखी परीक्षा होणार. वीस प्रश्न, अठरा बरोबर हवेत. तरच शाळेच्या मुलांना पायवाटेवर फिरवायचं, जखमी पक्ष्यांच्या खोलीत जायचं. नाहीतर आभारपत्र घेऊन घरी. फुकट राबायलाही पात्रता लागते, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. मी इथे एकवीस वर्षं आहे म्हटलं, तर बाई म्हणाल्या, मग तुम्हाला सोपंच जाईल.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी,
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. परीक्षेचं वाचून हसून हसून पुरेवाट झाली. मी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडली, पण आधी पेपर सोडवा असं कुणी म्हटलं नाही. माझं ऐक, सरळ नापास हो. घारी-घुबडांना पट्ट्या बांधून झाल्या, आता जरा माणसांत राहायला ये. वरची खोली रंगवून घेतली आहे. खिडकीबाहेर झाड आहे, त्यावर पक्षी असतात. कुठले, ते तू आल्यावर सांग.

मी हे तुझ्यासाठी म्हणतोय, तुझं वय झालं. माझं काय, मी मजेत आहे. या आठवड्यात एकच पातेलं जळालं.

लोभ आहेच, तो वाढवायला इकडे ये.
तुझा,
धाकटा

ता. २६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. सतरा मिळाले. तुझी इच्छा फळाला आली.

दोन प्रश्न अर्जांच्या क्रमांकांवर होते, ते चुकले, त्याचं काही नाही. तिसरा असा: घरट्यातून पडलेल्या पिलाला माणसाने हात लावला तर आई त्याला टाकून देते, बरोबर की चूक? मी ‘चूक’ लिहिलं. पन्नासेक पिलं मी या हातांनी परत घरट्यात ठेवलीत आणि आडून पाहिलंय, आई मुकाट्याने येते आणि भरवायला लागते. पण बाईंनी उत्तरं पायवाटेवरच्या पाट्यांवरून तपासली. पाटीवर लिहिलंय, टाकून देते.

आणि ती पाटी माझ्याच हातची. पहिल्या वर्षी ऐकीव माहितीवर रंगवली होती. दोन वर्षांत चूक कळली, पण तिच्या धाकाने पोरं पिलांना हात लावत नव्हती, म्हणून राहू दिली. पुढे पुढे ती बदलायची लाजच वाटायला लागली. आता उत्तरासाठी भांडायचं, तर सगळ्यांसमोर सांगावं लागेल की मी एकोणीस वर्षं जाणूनबुजून मुलांना खोटं शिकवत होते. तक्रार करायला दहा मार्चपर्यंत मुदत आहे. माझी हिंमत होत नाही. सकाळी उठून तिकडे जायचं नाही, तर जायचं कुठे रे?

तेव्हा खोली तयार ठेव.
ताई

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. तुझं पत्र वाचून मला आनंद झाला, ही लाजिरवाणी गोष्ट आधी सांगून टाकतो. त्याच दिवशी जाऊन पलंग आणला. दुकानदाराने कोण येतंय विचारलं. मी म्हणालो, बहीण येतेय, तिच्याकडे बघायला कुणी नाही. मग घरी येऊन त्याच पलंगावर बसलो आणि पत्र पुन्हा वाचलं. बघायला कुणी नाही ते मला. ताई, या घरात मला बोलायला माणूस नाही. परवा दूधवाल्याला मी घड्याळातली स्प्रिंग समजावत होतो. तो आता पिशवी दाराला अडकवून पळतो.

पण तिकडून तोंड लपवून आलीस, तर माझ्या वाट्याला खिडकीशी बसलेली एक म्हातारी येईल. ती मला नको. जा आणि सांगून टाक. हसतील, हसू देत.
तुझा,
धाकटा

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. सांगितलं. भर बैठकीत, उभी राहून. कुणीही हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, नियम तो नियम, सगळे पेपर पुन्हा तपासू. माझे अठरा झाले. बाकी अकरा जणांनी माझ्याच पाटीवरून पाठांतर केलं होतं, त्यांचा एकेक गुण गेला आणि सात जण नापास झाले. त्यांतले तिघे आता माझ्याशी बोलत नाहीत. पुढच्या परीक्षेसाठी त्या सातांचा वर्ग घ्यायचं काम बाईंनी माझ्याच गळ्यात मारलंय. पाटी मीच नव्याने रंगवली. बाई शेजारी पुस्तक उघडून उभ्या होत्या, शब्द न् शब्द ताडून बघत होत्या. एकवीस वर्षांपूर्वी अशी कुणी असायला हवी होती.

तर आता माणसं कमी पडतायत. सोबत अर्ज पाठवते आहे. नाव, वय मी भरलंय, पत्ता माझा घातलाय. माझ्याकडची मागची खोली रिकामीच असते. शेवटचा रकाना तू भर: ‘स्वयंसेवक का व्हावंसं वाटतं?’ तिथे निसर्गप्रेम वगैरे लिहू नकोस. तुला चिमणी आणि कावळा सोडून काही ओळखता येत नाही. घरात बोलायला माणूस नाही, असं सरळ लिही. तुझे मेहुणे गेले त्या वर्षी मीही तेच लिहिलं होतं.

वाट बघते.
तुझी,
ताई